दाराहून मोठा टोप

तात्या,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. लिहायला गेले, पण हात पुढे सरकेना. इतकी वर्षं तुमच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन 'हो तात्या, बरं तात्या' केलं. आता तुम्ही भिंतीवरच्या फोटोत आहात, गळ्यात हार आहे. निदान कागदावर तरी खोटं कशाला बोलू?

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. वड्याचं पीठ दळून आणलंय, भाजी निवडून ठेवलीय, केळीची पानं पुसून झालीत. उद्या तुमच्या फोटोपुढे पान वाढायचं, गच्चीवर घास ठेवायचा आणि सगळ्यांनी हात जोडून गप्प उभं राहायचं. गप्प उभं राहण्याआधी मला चार शब्द बोलून घ्यायचे आहेत, म्हणून आज लिहिते. शिवाय तुमच्या टोपाचं काय करायचं ते ठरलंय. ते तुम्हाला कळलेलं बरं.

टोप म्हटल्यावर कान टवकारले ना? माझ्या बाळंतपणात मी आठ दिवस तापाने फणफणले होते तेव्हा नाही टवकारले. पण टोपाला नुसता चमचा लागला तरी तुम्ही बाजेवरून उठून यायचात.

काय तो टोप! तांब्याचा, गोल पोटाचा, माझ्या कमरेएवढा उंच आणि उंचीएवढाच रुंद, दोन्ही बाजूंना जाडजूड कड्या. अख्ख्या गावाच्या लग्नाचा भात त्यात शिजायचा. तो आला कुठून, ते तुम्ही प्रत्येक पाहुण्याला वेगळं सांगायचात. कधी तुमच्या आजोबांनी जुन्नरहून माळशेज घाटातून बैलगाडीवर आणला, कधी कोणा सावकाराने त्यांच्या इमानदारीवर खूश होऊन दिला. एकदा तर मी चहा घेऊन आले तेव्हा तो शेत नांगरताना जमिनीत सापडला होता. मी कप ठेवले आणि आत येऊन तोंडाला पदर लावून हसले. तुमच्या तोंडावर हसायची सोय नव्हती.

एक मात्र मान्य करते. जुनं कुडाचं घर होतं तोवर टोपाला खरंच मान होता. पडवीत उघड्यावर असायचा. कोणाच्या घरी लग्न निघालं की बाया हळदीकुंकवाचं ताट घेऊन यायच्या, टोपाला कुंकू लावायच्या आणि पोरं खांद्यावर काठी घालून तो न्यायची. आधणात तांदळाची पहिली मूठ आपल्या घरच्या बाईने टाकायची. परत येताना टोप रिकामा यायचा नाही, तळाला तांदूळ आणि नारळ असायचा. मी नवी नवरी होते तेव्हा पहिली मूठ टाकायला तुम्ही मला पाठवलं होतंत. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा! तुम्ही चांगले आहात असंही वाटलं होतं.

मग तुम्ही स्लॅबचं घर बांधायला काढलंत.

जुनं घर पाडलं तेव्हा टोप ठेवायचा कुठे, या काळजीने तुमची झोप उडाली. सिमेंट उघड्यावर भिजत होतं, भाताची पोती लोकांच्या पडवीत होती, पण काळजी टोपाची. शेवटी जोतं झाल्याबरोबर तुम्ही तो मागच्या खोलीच्या जागेवर नेऊन बसवलात आणि त्याच्याशेजारी बाज टाकलीत. भिंती टोपाभोवती उभ्या राहिल्या. खिडकीला दुहेरी गज लावलेत. आणि चौकट बसवायची वेळ आली तेव्हा तुमच्या डोक्यातून ती अक्कल निघाली. गवंड्याला म्हणालात, "हे दार अरुंद ठेव. चोर आत शिरला तरी टोप बाहेर नेता नाय आला पायजे."

मी तिथेच विटांवर पाणी मारत होते. तुमच्या चेहऱ्यावर काय तेज होतं त्या दिवशी! चोराला बाहेर काढता येणार नाही तो तुम्हाला तरी कसा काढता येईल, हे तुमच्या मनात आलं नाही. तुमच्या लेकाच्याही आलं नाही. सागाची चौकट तुम्ही स्वतः वखारीत जाऊन निवडली होतीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्यावर हात फिरवायला लावत होतात.

घर झाल्यावर पहिलं लग्न शेजारच्या बारकीबाईच्या थोरल्याचं. ती बिचारी ताट घेऊन आली, सोबत टोप न्यायला पोरं, दारात टेम्पो. आपण तिघं मागच्या खोलीत गेलो. तुम्ही, तुमचा लेक अनंत आणि मी. टोप उचलला, दारात आणला आणि तो चौकटीला ठणकन आपटला. मग आडवा केला. मग तिरका. मग कड्या आधी, मग बूड आधी. तुमचं धोतर घामाने भिजलं. सागाच्या चौकटीला खोक पडली, ती अजून आहे. बाहेरून बारकीबाई विचारत होती, "लय जड हाय का वो तात्या? पोरांना पाठवू का आत?"

त्या वेळी बाहेर जाऊन तुम्ही खरं सांगितलं असतंत तर काय झालं असतं? लोक हसले असते. चांगले पोट धरून हसले असते, दोनतीन लग्नं तोच विषय झाला असता, आणि मग पोरांनीच येऊन चौकट काढून दिली असती. हसणं म्हणजे काय मरण असतं का हो?

पण तुम्ही पंच्याने तोंड पुसलंत, बाहेर गेलात आणि म्हणालात, "बारके, टोप नाय मिळायचा. तुझ्या दिराच्या लग्नाला दिलेला तो बुडाला चिकट परत आला. ज्याला भांडं घासता येत नाय त्यानं मागू नये."

बारकीबाईच्या हातात ताट होतं. ती म्हणाली, "तात्या, मीच घासलेला तो. चिंच लावून, राख लावून. दोनदा घासलेला."

"मग तर बोलायलाच नको," असं म्हणून तुम्ही आत आलात आणि मला चहा टाकायला सांगितलंत. मी टाकला. तुम्ही तो बशीत ओतून फुर्र करून प्यालात.

आम्हाला दोघांना ताकीद मिळाली की घरातली गोष्ट घरात राहिली पाहिजे. मी एकदा धीर करून म्हटलं, "तात्या, चौकट काढून दार मोठं करू या का?" तुम्ही म्हणालात, "म्हंजी गवंड्याला बोलवायचं, आन् त्यानं गावभर सांगायचं." झालं. तेव्हापासून तो टोप मागच्या खोलीतला कैदी, आणि त्याला घासणारी मी. दर दिवाळीला अंधाऱ्या खोलीत, चिंचेने हात चरचरत असताना, पाणी मोरीकडे लोटत. तुम्ही दारात उभे राहून सांगायचात, "कडीच्या खाली बघ, काळं राह्यलंय." स्वतः मात्र चिंचेचं एक बोट कधी लावलं नाहीत.

आणि लोकांना नकार द्यायची तुमची तयारी! कोणाकडे लग्न ठरलंय असं कानावर आलं की आधीच कारण शोधून ठेवायचात. एकाला सांगितलंत तुमच्या मांडवात दारू चालते. एकाला सांगितलंत तुमच्या भावकीचं सुतक नीट फिटलेलं नाही. तुमच्याच मावसभावाला म्हणालात, "तू मागायला आलास, पण तुझी बायको वाकून नमस्कार करीत नाय." प्रत्येक घराला नेमकं टोचेल असं काहीतरी तुम्हाला सापडायचंच. एवढं डोकं चौकटीचं माप घेताना चाललं असतं तर!

हळूहळू लोक मागायचे बंद झाले. मांडववाल्याचे ॲल्युमिनियमचे टोप यायला लागले. तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून सुस्कारा सोडलात, "हल्लीच्या लोकांना तांब्याची किंमत नाय." पाहुणा आला की त्याला घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी न्यायचात आणि गजांतून टोप दाखवायचात. लोक देवळातही एवढं वाकून बघत नाहीत.

हे सगळं मी एक वेळ हसण्यावारी नेलं असतं, तात्या. पण सुगंधाचं नाही नेत.

तुमची एकुलती एक लेक. घर बांधलं तेव्हा ती नर्सिंगच्या होस्टेलला होती. सुट्टीत आली, टोप मागच्या खोलीत बघितला आणि तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वाटणार तरी कसं? भांडं खोलीत आहे म्हणजे ते दारातून आत गेलं असणार, असंच कोणीही समजेल. माझ्याशी तिचं मैत्रिणीसारखं होतं. शहापूरच्या दवाखान्यात नोकरीला लागल्यावर महेंद्रचं नाव तिने सगळ्यात आधी मला सांगितलं. आटगावचा, बौद्ध घरातला, कारखान्यात कायम झालेला.

तुम्ही आकांडतांडव केलंत, तीन आठवडे तिच्याशी बोलला नाहीत, आणि मग हो म्हणालात. हे मी तुमच्या बाजूने लिहिते, कारण ते खरं आहे. जातपात तुम्ही मानत होतात, आजूबाजूचे सगळे मानतात तेवढी. तरी मुलगा निर्व्यसनी आहे, लेक हट्टाची आहे, असं म्हणत म्हणत तुम्ही तयार झालात. महेंद्रच्या वडिलांनी घरी येऊन तुमच्याशी सुपारी कातरत गप्पा मारल्या. मला त्या दिवशी तुमचा अभिमान वाटला होता, बघा.

मग सुगंधा म्हणाली, "तात्या, मला दागिने नकोत, भांडीकुंडी नकोत. फक्त लग्नाचा भात आपल्या टोपात शिजू दे. वहिनी येऊन पहिली मूठ टाकेल." आणि महेंद्रचे वडील म्हणाले, "तुमच्या घरचा टोप आमच्या अंगणात आला तर आमाला आनंदच आहे."

तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही एकदा मागच्या खोलीकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता सांगतील. समोर बाहेरचं कोणी नव्हतं, लेक आणि होणारा व्याही. आता तरी सांगतील.

तुम्ही म्हणालात, "आमचा टोप त्या घरात शिजायचा नाय."

'त्या घरात'. दोन शब्द. त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला माहीत नव्हतं असं सांगू नका. तुम्ही तेच शोधलंत जे समोरच्याला लगेच खरं वाटेल. बारकीबाईचं घासणं काढलंत, भावाची बायको काढलीत, आणि इथे जात काढलीत, कारण ती हाताशीच होती. स्वतःची चूक सांगण्यापेक्षा माणसाची जात काढणं तुम्हाला सोपं वाटलं. मी खूप माणसं बघितली, तात्या. इतका भित्रा माणूस नाही बघितला.

महेंद्रचे वडील उठले. पानाचं तबक त्यांनी हळूच बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "बरं. येतो." सुगंधा त्यांच्या मागोमाग गेली ती गेलीच. लग्न तिकडेच झालं, आपल्याकडून कोणी गेलं नाही.

त्याच दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, "तिला तरी खरं सांगा, नाहीतर मी सांगते." तुमचं उत्तर मला पाठ आहे. "सांगून बघ. अनंताला दुसरी करून देतो." आणि तुमचा लेक तिथेच बसून नखं कुरतडत होता. पुढे सुगंधाने या घराचं नावच टाकलं. शहापूरच्या बाजारात मी दिसले की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची, निरोप पाठवला तर न ऐकताच परत पाठवायची.

गेल्या वर्षी तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा हट्टाने मागच्या खोलीतच खाट घालून घेतलीत. टोपाशेजारी. मी सुगंधाच्या दवाखान्यात फोन करून तिला कळवलं आणि ती आली. माझ्याशी बोलली नाही, सरळ आत गेली. चौकटीत उभी राहिली, त्या खोकेवर हात टेकवून. नर्स आहे ती, तुमचं काय उरलंय ते तिला बघताक्षणी कळलं असणार. ती म्हणाली, "तात्या, काय बोलायचंय?"

तुम्ही तिच्याकडे बघितलंत. टोपाकडे बघितलंत. आणि भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "दार लाव. वारा येतोय."

तिने दार लावलं आणि निघून गेली. मी फाटकापर्यंत तिच्यामागे धावले, पण टोकावड्याहून येणारी एसटी समोर उभी होती आणि ती चढलीसुद्धा. त्या दिवशी तुमच्यासाठी पेज करावीशी वाटत नव्हती. तरी केली आणि भरवली, कारण माझ्या आईने मला तसं वाढवलंय.

तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून सगळे उन्हात ताटकळले. गुरं सांभाळू, शेत विकणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. मग अनंत पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "तात्या, टोप घरातून हलवणार नाय." आणि नेमका तेव्हाच कावळा आला! काय हो, मेल्यावरसुद्धा? खरं सांगू, त्याला भूक लागली म्हणून तो आला. पण तुमच्या लेकाला ते कोण पटवणार! तेरावं कसं झालं तेही सांगते. तुम्ही ज्यांना ज्यांना टोप नाकारलात, त्यांच्यातलं फारसं कोणी आलं नाही. बारकीबाई आली. मागच्या दाराने आली, भांडी घासू लागली आणि प्रत्येक पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवून बघत राहिली.

वर्षभर मग तुमच्या टोपाची शोभा झाली. पलीकडे एका मुंबईवाल्याचं फार्महाऊस झालंय. त्याने खिडकीतून टोप बघितला आणि मागे लागला. त्याला फाटकाशी त्यात कमळं लावायची आहेत. भिंत मीच फोडून घेतो आणि बांधून देतो, म्हणाला. भंगारवाला म्हणाला, कटरने आतच तुकडे करून नेतो. अनंताचं एकच, "राहू दे. तात्यांची आठवण. कावळ्याला शब्द दिलाय." मला विचाराल तर मला तो डोळ्यांसमोर नको होता. पण कमळं लावून गेला असता किंवा तुकडे होऊन गेला असता, तर सुगंधाला कधीच कळलं नसतं. ते मला चालणार नव्हतं.

आणि मग परवा ती स्वतःच आली. तिच्या लेकीचं लग्न ठरलंय. महेंद्र म्हणाला म्हणे, तात्या गेले, आता मामाला बोलावणं करायला हवं. ती फाटकाशीच उभी राहिली, पत्रिका पुढे केली आणि म्हणाली, "वहिनी, आत येत नाय. टाइम नाय."

मी पत्रिका घेतली नाही. तिचा हात धरला आणि ओढत मागच्या खोलीत नेलं. म्हटलं, "ती कडी धर. टोप बाहेर काढायचाय. कमरेवर जोर देऊ नको."

"मला नकोय तो. नदीत टाका."

"टाकू. आधी बाहेर तर काढू."

तिने रागारागाने कडी धरली. आम्ही दोघी वाकून तो दारापर्यंत आणला आणि तो ठणकन आपटला. तिने तो आडवा केला. मग तिरका. मग तिची नजर खोकेवर गेली, आणि ती थांबली. चौकटीवर हात ठेवून तिने एकदा टोपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"वहिनी, हा कधीपासून असा?"

"घर बांधलं तेव्हापासून. बारकीबाईला पण त्याच्यामुळेच नाही मिळाला. कोणालाच नाही मिळाला."

ती उंबऱ्यावर बसली. मग हसायला लागली. मला वाटलं थांबेल, पण थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होती. "म्हंजी मी एवढी वर्षं या दारावर रुसले?" असं म्हणाली आणि मग रडली. तात्या, तुमची लेक पन्नाशीला आलीय. ती उंबऱ्यावर बसून लहान पोरीसारखी रडत होती आणि तुम्ही भिंतीवर हार घालून निवांत होतात. मी तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला. अजून तसाच आहे, उद्या सकाळी सरळ करीन.

तिने तिथूनच महेंद्रला फोन लावला. म्हणाली, "अहो, दार होतं. टोप दारातून निघत नव्हता." फोनचा आवाज मोठा होता म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणाला, "दार होतं तर दार बोलायचं होतं ना. माझे बाबा तर गेले तो शब्द घेऊन."

याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतंत, तात्या. मग त्यानेच विचारलं, "निघेल का तो आता?" मी पुढे होऊन म्हटलं, "निघेल." तो म्हणाला, "मग हळदीच्या दिवशी आमच्या अंगणात आणा. हॉल आहे, केटरर आहे, त्याचं काय नाय. अंगणात चूल मी पेटवतो. पण तेव्हा का नाय दिला, ते तिथं सगळ्यांसमोर सांगायचं. आमच्या आळीतली म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांनी ऐकलं पायजे." मी हो म्हटलं. अनंताला न विचारता म्हटलं.

अनंत उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने परत कावळ्याचं काढलं. सुगंधा म्हणाली, "दादा, तुला बहीण पाहिजे का कावळा?" तो वळला. गोठ्यात गेला आणि पहार घेऊन आला. तुमच्या सागाच्या चौकटीला पहिला घाव त्याने घातला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो बरा वाटला.

आवाज ऐकून बारकीबाई आली. ती आता पार वाकलीय. टोप मोठ्या झालेल्या भगदाडातून बाहेर येताना तिने बघितला, फुटलेली चौकट बघितली आणि तिला मी न सांगता समजलं. टोपापाशी बसून तिने आत हात घातला, बुडावरून बोट फिरवलं आणि वर करून बघितलं. "म्हंजी चिकट नव्हता गो," ती म्हणाली. "मला तर सवयच लागली. भांडं चारदा घासतंय तरी वाटतं, राह्यलं काय तरी. सुना हसतात मला." मी तिच्याशेजारी बसले. मला तुमचा इतका राग आला, तात्या, की तुम्ही जिवंत असतात तर मी तुम्हाला धरून त्या टोपात बसवलं असतं.

तर आता ठरलंय ते ऐका. उद्या तुमच्या श्राद्धाचा भात याच टोपात, अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शिजणार. पहिली मूठ बारकीबाई टाकणार. तुम्ही ज्यांच्या दारात अपमान पोचवलात त्या सगळ्या घरांना अनंत आज स्वतः जाऊन बोलावणं करून आलाय, आणि कारणही सांगून आलाय. काहीजण हसले म्हणे. हसू देत. एकदोघांनी तोंडावर दार लावलं, तेही बरोबरच आहे.

मग टोप आटगावला जाईल. तिथून जे घर मागेल त्याच्याकडे, तिथून पुढच्याकडे. ज्याच्याकडे लग्न होईल त्याच्या पडवीत राहील, घासणाराही तोच. या घरात तो परत येणार नाही. फार्महाऊसवाल्याला सांगितलंय, कमळं दुसऱ्या कशात तरी लावा.

उद्या गच्चीवर तुमचा घास ठेवीन. त्यात भात भरपूर असेल, वडे असतील, तुम्हाला आवडायची ती शेवग्याची भाजीही असेल. कावळा आला तर आला. मी वाट बघत उभी राहणार नाही, खाली पंगत वाढायची आहे. तुमच्या लेकाने दहाव्याला दिलेलं वचन मोडलंय, त्याच्या बदल्यात माझं घ्या. आटगावच्या मांडवात मी उभी राहीन आणि महेंद्रच्या वडिलांचं नाव घेऊन सांगीन की या घरात काही खोट नव्हती. आमचे सासरे घाबरट होते आणि आमचं दार अरुंद होतं. एवढंच सांगीन आणि मग पहिली मूठ टाकीन. तुमच्या अब्रूचं काय होईल ते होवो.

आणि एक तुम्हाला कळायला हवं. दार फोडायला एक दुपार लागली, तात्या. जेवणं उरकून हात घातला आणि चहाच्या वेळेला टोप अंगणात उन्हात होता.

तुमची सून,
वनिता